वाटाण्याची डाळ आणि आत्याबाईंचे पाय

पुण्यवान बाई मी नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घाटनांदूरच्या गल्लीत सासूच्या सेवेचा विषय निघाला की अजून माझं नाव घेतात, आणि माझं उदाहरण देऊन निदान दोन सुनांना तरी छळलेलं मला माहीत आहे. त्या दोघींची मी इथंच माफी मागते. मी सासूला सूप करून पाजलं ते मायेपोटी नाही. मला नोकरी पाहिजे होती, आणि सासू पायावर उभी राहिल्याशिवाय मला कुणी उंबरा ओलांडू देणार नव्हतं.

आमचं घर किराणावाल्यांचं. पुढं दुकान, मागं घर, त्याच्या मागं परस. आम्ही गळ्यात लिंग घालणारे वाणी. मटण सोडा, अंडं हा शब्दसुद्धा घरात आवाज बारीक करून बोलायचे. डी.एड. झालेली सून पाहिजे म्हणून मला मागणी घालून आणलं होतं, पण माझं डी.एड. त्यांना पाटल्यांसारखं वाटायचं, घरात असावं, रोज वापरू नये. लग्नाला दोन वर्षं झाली आणि एके दिवशी टपालानं ऑर्डर आली. चकलांब्याची प्राथमिक शाळा. महिन्याच्या आत हजर व्हा, नाहीतर ऑर्डर रद्द.

घाटनांदूर ते चकलांबा म्हणजे जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. आधी अंबाजोगाई, मग बीड, मग गेवराई, आणि तिथून पुढं जी गाडी मिळेल ती. रोज येणं-जाणं शक्यच नव्हतं. तिथं खोली करून राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. मी ऑर्डर घेऊन दुकानात गेले तेव्हा आमचे हे साखर तोलत होते. त्यांनी ऑर्डर वाचली, माझ्याकडं बघितलं, वडलांकडं बघितलं आणि परत साखर तोलायला लागले. आमच्या ह्यांचा संसारातला वाटा एवढाच.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूला आत्याबाई. आत्याबाई तेव्हा टायफॉइडमधून उठल्या होत्या, म्हणजे ताप उतरला होता, त्या उठल्या नव्हत्या. आडव्या झाल्या त्या झाल्याच. बाजेवर बसायच्या, पूजाही बसूनच करायच्या, पण पाय खाली टेकवले की गुडघे थरथरायचे. न्हाणीपर्यंत मी धरून न्यायचे. जाता-येता त्या मला शिव्या द्यायच्या, मी हळू आवाजात परत करायचे. आमचं दोघींचं लग्नाच्या आठव्या दिवसापासून पटत नव्हतं. भाकरी जाड झाली, पदर सरकला, कुकर लावला, काहीही कारण चालायचं. कुकर मी माहेराहून आणलेला. आत्याबाई त्याला शिट्टीचं भांडं म्हणायच्या आणि त्यातला भात अंगाला लागत नाही असं त्यांचं ठाम मत होतं.

मामांनी निकाल दुकानात दिला, दोन गिऱ्हाइकांच्या देखत. "तुझी आत्या आपल्या पायानं न्हाणीपत्तुर चालत गेली की दुसऱ्या दिशी तू चकलांब्याला. माझा शब्द हाय." मामा शब्दाचे पक्के होते. भाव कमी करायचे नाहीत, पण दिलेला शब्द मोडायचे नाहीत. तेव्हा माझी नोकरी आत्याबाईंच्या गुडघ्यांत जाऊन बसली, आणि हातात होते तीस दिवस.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजार गेला, आता अंगात ताकद यायला पाहिजे. खात असाल तर बकऱ्याच्या पायाचं सूप द्या, खात नसाल तर डाळीचं पाणी. आम्ही अर्थातच डाळीचं पाणी. आठ दिवस मी तुरीचं वरण गाळून दिलं. आत्याबाई दोन घोट घ्यायच्या आणि पेला सरकवून म्हणायच्या, "हे वरण हाय का भांडी धुतलेलं पानी हाय?" आठ दिवसांत गुडघ्यांची थरथर तसूभर कमी झाली नाही.

आमच्या परसाला लागून शिंप्याचं घर होतं. त्याच्या बायकोला सगळी गल्ली भाभी म्हणायची. कपडे वाळत घालताना भिंतीवरून आमचं बोलणं व्हायचं. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. भाभीनं तोंडातला चिमटा काढला आणि म्हणाली, "दाल में हड्डी डालके पका. दालचा पिला उसको. आठ दिन में दौड़ती बुढ्ढी." मी म्हटलं, आमच्या घरात? ती म्हणाली, "घर में कायको? परस में पका ना."

खरं सांगते, मला त्यात पाप दिसायच्या आधी चकलांबा दिसलं. देवाला सगळं कळतंच, त्याला काही लपवायचं नव्हतं. गल्लीला कळू नये एवढंच बघायचं होतं.

हाडं भाभी आणणार होती. मटणाच्या दुकानात मी गेले असते तर मी पोचायच्या आधी बातमी मामांपर्यंत पोचली असती. डाळ आमच्याच दुकानात होती. त्या दिवसांत दुकानात रोज काहीतरी नवीन यायचं. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, गल्लीत केबल आली होती, आणि मामांनी लातूरहून परदेशी वाटाण्याच्या डाळीचं एक पोतं आणलं होतं. पिवळीधमक, एकसारखी डाळ. गावात तिला कुणी हात लावीना. एक म्हातारी तर परत आणून टाकून गेली, म्हणाली, ही डाळ न्हाई, रबर हाय. त्या पोत्यातून दोन वाट्या गेल्याचं कुणाला कळणार नव्हतं.

हाडं आली. भाभीनं भिंतीवरून पुडकं दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ओलं. मी जन्मात मांसाला हात लावला नव्हता. मला माहीत होत्या त्या डाळी, उसळी आणि भाज्या. मी भाभीला सरळ विचारलं, "रात्रभर भिजत घालू का?" भाभी भिंतीपलीकडं दिसेनाशी झाली. हसता हसता खाली बसली होती. पुढं मी विचारलं की निवडून घ्यायचं का, त्यावर तिनं मला हात जोडले.

परसात न्हाणीशेजारी पत्र्याचं छप्पर होतं, तिथं मी वातीचा स्टो पेटवला. पहिल्या दिवशी कुकर गळ्यापर्यंत भरला. वाटाण्याची डाळ इतकी फेसाळते हे मला काय माहीत. फेस वर चढला, शिट्टीचं भोक बुजलं, शिट्टी होईना. मी शेजारी बसून वाट बघतेय आणि झाकणातला सेफ्टीचा वाल उडाला. डाळ थेट पत्र्यावर. तिथून ठिबकून माझ्या डोक्यात. आतून आत्याबाई ओरडल्या, "मेलीस का जिती हाईस?" मी म्हटलं, जिती. त्या म्हणाल्या, "मंग च्या कर."

नवा वाल टाकून आणला आणि दुसऱ्यांदा भाभीच्या सांगण्याबरहुकूम केलं. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. डाळीत चमचाभर तेल टाकायचं, म्हणजे फेस धरत नाही. आधी हाडांच्या नळ्या, कांदा, लसूण, आलं, हळद आणि पाणी घालून सहा शिट्ट्या. मग उघडून धुतलेली डाळ, दुधीचे तुकडे, आणखी दोन शिट्ट्या, बारीक आचेवर. शेवटी चिंचेचा कोळ. मी नाकाला पदर बांधून केलं आणि फडक्यातून गाळून घेतलं. खाली दाट पिवळं सूप उतरलं. हाडं कुकरातच राहिली, ती दिवे लागायच्या सुमाराला भाभी घेऊन जायची. हाड घराच्या आत आणायचं नाही, हा माझा एकच नियम होता आणि तो मी शेवटपर्यंत पाळला.

आत्याबाईंनी पहिला घोट घेतला. त्यांनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली, माझ्याकडं बघितलं, पेल्यात बघितलं.

"काय हाय हे?"

"वाटाण्याच्या डाळीचं सूप. विलायती."

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या आणि पेला रिकामा करून पुढं धरला. मी परत भरला.

आता अडचण शिट्ट्यांची. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडं कुकर होता त्यांच्या सकाळी दहाला तीन शिट्ट्या आणि संध्याकाळी तीन. दुपारी तीनला आठ शिट्ट्या म्हणजे गल्लीच्या डोक्याला भुंगा. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्याच, मागं आणखी दोघी. "काय शिजवतीस गं रोज? आठ शिट्ट्या मोजल्या मी."

माझ्याकडं उत्तर तयार होतं, आणि तेही छापील. एका मासिकात विलायती पाककृती यायच्या, त्यात सुक्या वाटाण्याच्या डाळीच्या सुपाची कृती होती. मी पान फाडूनच ठेवलं होतं. ते काकूंच्या हातात दिलं. काकूंनी मोठ्यानं वाचलं. डाळ, कांदा, गाजर, मिरी, आणि हॅम पाव किलो.

"हॅम काय असतंय?" काकूंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. डी.एड.ला ते शिकवत नाहीत. आमचे हे तेवढ्यात पाणी प्यायला आत आले होते, बी.कॉम. झालेले. ते म्हणाले, "मसाला असंल एखादा. आपल्याकडं हिंग तसं त्यांच्याकडं हॅम." संसारात दोन वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या उपयोगी पडला. मी लगेच म्हटलं, हो, मसालाच. लातूरला मिळतो. मी तो न घालता करते.

झालं. चार दिवसांत दुकानात बायका वाटाण्याची डाळ मागायला लागल्या. जे पोतं हलत नव्हतं ते निम्म्यावर आलं. डाळीबरोबर त्या हॅमही मागायच्या. मामा व्यापारी माणूस, गिऱ्हाइकानं चार वेळा मागितलेली वस्तू दुकानात नाही म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. त्यांनी लातूरच्या व्यापाऱ्याला चिठ्ठी पाठवली: गूळ दोन ढेपा, खोबरं अर्धं पोतं, हॅम एक किलो चांगल्यापैकी. तो व्यापारीही आमच्यातलाच, गळ्यात लिंग घालणारा. त्यानं उलट लिहून पाठवलं, हॅम सध्या शिल्लक नाही, माल आला की पाठवतो. पुढं चकलांब्याच्या शाळेत मला मोठा शब्दकोश मिळाला, त्यात मी हॅम बघितलं, डुकराची खारवलेली मांडी. शाळेच्या व्हरांड्यात मी एकटी बसून इतकी हसले की शिपाई पाणी घेऊन आला.

पण तेव्हा हसायची सोय नव्हती, कारण काकू एका दुपारी वाटी घेऊनच आल्या. म्हणाल्या, आम्हालापण चव बघू दे की. सूप नुकतंच गाळून बाजेजवळ ठेवलं होतं. काकूंचे सोमवार, काकूंची शिवरात्र, काकू त्या घोटानंतर मला या जन्मात आणि पुढच्या जन्मातही सोडणार नव्हत्या. मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी हात लांब करून पातेलं आपल्या मांडीवर ओढलं.

"आजारी माणसाच्या तोंडातलं काढतीस का गं?" त्या काकूंना म्हणाल्या. "डाळ दुकानात हाय, चूल तुज्या घरी हाय. जा, शिजव."

काकू वाटी घेऊन गेल्या. आत्याबाईंनी पातेल्यालाच तोंड लावलं. मला वाटलं, म्हातारी हावरट आहे म्हणून वाचले.

सूप अंगी लागत होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. गाल भरले, आवाज तर इतका भरला की शिव्या दुकानापर्यंत ऐकू जायच्या. सगळं आलं, पाय तेवढे येईनात. न्हाणीकडं जाताना पूर्वीसारखंच माझ्या खांद्यावर सगळं ओझं टाकायच्या. गुडघे थरथरत होते. वीस दिवस गेले, पंचवीस गेले. मी भाभीला म्हटलं, तुझा दालचा खोटा. भाभी म्हणाली, "दालचा झूठा नै. बुढ्ढी झूठी है." मला राग आला. मरणातून उठलेल्या बाईबद्दल असं बोलवतं कसं, असं मी तिला म्हटलंसुद्धा.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी आशा सोडली. ऑर्डर काढून पेटीत कपड्यांखाली ठेवली. दुपारी मामा जेवायला आत आले, जेवून बाजेसमोर बसले आणि त्यांना मुंग्या दिसल्या.

किराणावाल्याला मुंग्यांची रांग दिसली की तिचं दुसरं टोक सापडेपर्यंत चैन पडत नाही. गुळाच्या ढेपेवर संकट आहे असंच त्याला वाटतं. मामा रांगेमागं निघाले. मुंग्या भिंतीवरून उतरून बाजेच्या पायावर चढल्या होत्या आणि आत्याबाईंच्या उशीखाली जात होत्या. मामांनी उशी उचलली. खाली फडक्यात गुंडाळलेली एक नळी होती. चोखून चोखून पांढरी केलेली.

मामांनी ती दोन बोटांत धरून वर केली. तोंडाचा रंग उडाला होता त्यांच्या. आमचे हे दुकानातून धावत आले आणि दारातच थांबले.

"हे कुनी आनलं घरात?" मामांनी माझ्याकडं बघून विचारलं. घरात दुसरं होतं कोण. "कुनी आनलं, सांग. आत्ताच्या आत्ता माहेरी धाडतो."

चकलांबा गेलं, घाटनांदूरही गेलं, माहेरी काय तोंड दाखवायचं, हे सगळं एकदम डोक्यात आलं. आणि त्यातच एक विचार आला की मी तर हाड कधी आत आणलंच नव्हतं.

आत्याबाईंनी पाय खाली टाकले. उठल्या. कुणाचा हात नाही, भिंतीचा आधार नाही. पाच पावलं चालत मामांसमोर गेल्या आणि त्यांच्या बोटांतून नळी काढून घेतली.

"मी आनायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "पोरीला काय दम देता? ती न्हाई म्हनत होती. मीच तिला शपथ घातली, रडले, पाया पडले तिच्या. खाल्लं मी. लई दिवस खाल्लं. आता मला धाडता का माहेरी? माहेरी कोन न्हाई राहिलं, सगळे मेले."

आत्याबाई तशाच चालत स्वयंपाकघरातून परसात गेल्या, न्हाणीपर्यंत. दारात उभ्या राहून वळल्या आणि तिथून ओरडल्या, "ही न्हानी हाय का न्हाई? बगून घ्या. सुनेला उद्याची गाडी गाठायची हाय."

शब्द मामांचा होता. दोन गिऱ्हाइकं साक्षीला होती. ते दुकानात निघून गेले.

मी पळत परसात गेले. आत्याबाई न्हाणीच्या दगडावर बसल्या होत्या आणि नळी अजून हातात होती. मला त्यांच्या पाया पडायला पाहिजे होतं, पण मला दुसरंच दिसलं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. पहिल्यांदा उभं राहणारं माणूस असं चालत नाही. आणि हाडं मी परसातच ठेवायचे, तर त्यातलं एक उशीखाली गेलं कसं? मी दुपारी नळावर पाण्याला जायचे तेव्हा ही बाई उठून, चालत येऊन कुकर उचकत होती.

"किती दिवस झाले चालायला लागून?" मी विचारलं.

"धा-बारा."

"अन् मी तिकडं रोज मरत होते. दिवस मोजत होते मी, आत्याबाई. बोलल्या कावून न्हाई?"

त्या खाली बघूनच म्हणाल्या, "बोलले असते तर गेली असतीस. चाळीस वर्षं झाली या घरात. माज्यासाठी म्हनून येगळं कुनी काय शिजवलं न्हवतं, पोरी. मला वाटलं, अजून दोन दिवस. मंग वाटलं, अजून दोन दिवस."

मी भांडायला आले होते. भांडण तिथंच राहिलं. मी त्यांच्या शेजारी दगडावर बसले आणि आम्ही दोघी रडलो, आणि भिंतीपलीकडून भाभीनं विचारलं की काय झालं, तर आत्याबाई म्हणाल्या, कांदा चिरतोय.

मी तिसाव्या दिवशी हजर झाले. हाड खाल्ल्याला प्रायश्चित्त काय, हे मामांनी कुणाला विचारलं नाही, विचारलं असतं तर गावभर झालं असतं. ते त्यांनी स्वतःच ठरवलं. महिनाभर आत्याबाईंचं ताट वेगळं, बसायचं कोपऱ्यात खांबाजवळ, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मी तर चकलांब्याला. मग शिक्षा आत्याबाईंना झाली आणि भाकऱ्या थापायला बसले मामा. आमच्या ह्यांनी आठवडाभर नुसती खिचडी खाल्ली असं ऐकलं.

पहिल्या शनिवारी मी घरी आले, स्वयंपाक केला आणि पानं वाढली. मामांचं आणि ह्यांचं पान नेहमीच्या जागी. आत्याबाई कोपऱ्यात, खांबाशी, एकट्या, ताटाकडं बघत बसलेल्या. मी माझं ताट घेतलं आणि जाऊन त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले.

मामांचा घास हातातच राहिला. "तू कावून तिथं बसलीस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगायला तोंड उघडलं. हाडं कुणी मागवली, कुणी शिजवली, कुणी खोटं बोललं, सगळं. एक शब्द निघायच्या आत आत्याबाईंनी पदराआडून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांतून पाणी आलं.

"भात वाढ," त्या म्हणाल्या.